बॉबी हचरसन : पियानोच्या रिकाम्या जागेत

व्हायब्राफोन म्हणजे धातूच्या पट्ट्या, प्रत्येकीखाली नळी, नळीच्या तोंडाशी मोटरवर फिरणारी चकती आणि नाद आवरायला पायाशी पेडल. चकती फिरली की सूर थरथरतो. १९२०च्या दशकात अमेरिकेत जन्मलेलं हे वाद्य जॅझमध्ये रुजवलं लायोनेल हॅम्प्टनने. पुढे मिल्ट जॅक्सनने मोटर मंदावून त्यातून ब्लूज, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांचं दुःखाचं गाणं, गाववला.

याच जॅक्सनची रेकॉर्ड, पुढे स्वतः व्हायब्राफोनवादक झालेल्या शाळकरी बॉबी हचरसनच्या कानी पडली. जन्म १९४१चा, लॉस एंजेलिसचा. वाढला शेजारच्या पॅसाडिनात. वडील गवंडी. त्यांच्या हाताखाली विटा रचून पोराने वाद्यापुरते पैसे जमवले. पहिल्या कार्यक्रमाआधी बॅसवादक मित्र हर्बी लुइसच्या सल्ल्याने त्याने कुठली पट्टी केव्हा वाजवायची त्याचे आकडे पट्ट्यांवरच लिहून ठेवले. रंगमंचावरच्या व्यवस्थापकाला ती घाण वाटली. त्याने ओल्या फडक्याने सगळं लख्ख पुसून टाकलं! पुढे काय झालं असेल, ते सांगायला नको.

१९६१मध्ये तो न्यूयॉर्कला पोहोचला. पोटासाठी टॅक्सीही चालवली. सॅक्सोफोनवादक जॅकी मॅकलीनच्या ‘वन स्टेप बियाँड’ या अल्बममध्ये (१९६३) आणि सॅक्सोफोन, बास क्लॅरिनेट वाजवणाऱ्या एरिक डॉल्फीच्या ‘आउट टू लंच’मध्ये (१९६४) पियानो नाही; ती जागा हचरसनची. पियानोवादक स्वरसंगतीची सतरंजी अंथरतो, तशी याने अंथरलीच नाही. चार काठ्यांनी एखादा कडक, अवघडलेला स्वरगुच्छ टाकायचा आणि गप्प बसायचं. खाली अठरा वर्षांचा टोनी विल्यम्स ड्रमवर ताल मोडतोय, वर डॉल्फी उड्या घेतोय आणि मध्ये हे गार, धातूचे ठिपके. मुलायम म्हणून ओळखलं जाणारं वाद्य इतकं टोकदार होऊ शकतं, हे मला तरी तिथेच पटलं.

१९६५मध्ये स्वतःच्या नावाने ‘डायलॉग’ हा अल्बम आला. तेव्हा न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवायला ‘कॅबरे कार्ड’ नावाचा परवाना लागे. १९६७मध्ये गांजाच्या प्रकरणात त्याचा हा परवाना गेला, टॅक्सीचाही गेला, आणि हचरसन कॅलिफोर्नियाला परतला. तिथे सॅक्सोफोनवादक हॅरोल्ड लँडबरोबर पाच वादकांचं पंचक जमलं. गंमत म्हणजे त्याचं सर्वाधिक चाललेलं गाणं प्रयोगशील वगैरे नव्हतं. ‘सान फ्रान्सिस्को’ अल्बममधलं ठेक्याचं ‘उम्म’. त्याच पैशातून त्याने समुद्रकाठच्या मोंटारात एकरभर जमीन घेतली. २०१६मध्ये तो गेला, तोही मोंटारातच.