एसीतला गॅस जातो कुठे?

जुन्या गाडीचा एसी गार हवा देईनासा झाला की निदान ठरलेलं: ‘गॅस संपलाय, भरून घ्या.’ पण हा गॅस पेट्रोलसारखा जळून खर्च होत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटताच दाब कोसळतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळताना तो केबिनमधली उष्णता शोषून घेतो.

म्हणजे गॅस कमी झाला असेल, तर तो गळलाच आहे. रबरी ओ-रिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतात, कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील झिजतं. गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर येतं, त्यामुळे एखाद्या जोडावर धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला, तर आधी तिथेच साबणाचा फेस लावून बघावा.

गळती काढल्यावर खरी कसोटी व्हॅक्यूमची, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा ओढून काढण्याची, आणि घाईत हीच पायरी गाळली जाते. नळ्या उघडल्या की आत दमट हवा शिरते. तिच्यातलं पाणी व्हॉल्व्हपाशी गोठून वाट अडवतं, शिवाय गॅस-तेलाशी मिळून आम्ल तयार करून धातू खातं. पंपाने दाब हवेच्या नेहमीच्या ७६० वरून पाऱ्याच्या २४ मिलिमीटरपर्यंत उतरवला, की पाणी २५ अंश सेल्सिअसलाच उकळतं. दाब त्याहून खाली नेऊन पंप बराच वेळ चालू ठेवला की ओल वाफ होऊन निघून जाते. ड्रायर, म्हणजे गॅसमधली ओल शोषणारा डबा, मात्र नवाच बसवावा; जुना आधीच ओल पिऊन बसलेला असतो.

गाडी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीची किंवा त्याआधीची असेल, तर तिच्यात मुळात आर-१२ असण्याची शक्यता मोठी. ओझोनचा थर विरळ करणारा हा वायू १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने हद्दपार झाला आणि गाड्यांत आर-१३४ए आला. पण आर-१२ सोबतचं खनिज तेल या नव्या गॅसमध्ये विरघळत नाही. नुसता गॅस बदलला तर तेल कुठेतरी साचून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. म्हणून तेलही बदलावं लागतं.

शेवटी भरणं. ते वजनावर करावं, नुसत्या गेजवर नाही. द्रव आणि वाफ एकत्र असतात तेव्हा दाब तापमानावर ठरतो, गॅस किती आहे यावर नाही. त्यामुळे बंद गाडीत गेजचा काटा ठीक दिसूनही गॅस निम्माच असू शकतो. जास्त भरला तरी कंडेन्सरमध्ये द्रव तुंबतो, दाब चढतो आणि गारवा उलट कमी होतो. किती ग्रॅम भरायचा, ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं.