जामीन कोण राहणार? ट्रक सीमेपार नेणाऱ्या करारांची पार्श्वभूमी

रस्त्याने माल दुसऱ्या देशात न्यायचा म्हटलं की आपण आधी रस्ता कसा आहे, पूल आहे का, घाट किती आहेत हे बघतो, पण ट्रकवाल्याचा खरा वेळ खातो तो सीमेवरचा नाका. रस्ता दोन्ही बाजूंनी येऊन सीमेला भिडलेला असतो, गाडी धडधाकट असते, माल कायदेशीर असतो आणि तरी ड्रायव्हर इंजिन बंद करून कागद हातात धरून बसलेला असतो. हे असं का होतं आणि ते कमी व्हावं म्हणून गेल्या शंभरेक वर्षांत काय काय करार झाले ते जरा नीट मांडायचा हा प्रयत्न आहे, कारण या विषयावर मराठीत फार कमी लिहिलं जातं आणि जे येतं ते "अमुक देशाने तमुक करारावर सही केली" एवढ्यावरच संपतं.

मुळातली अडचण समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. समजा एक ट्रक पहिल्या देशातून निघाला आणि त्याला मधले दोन देश ओलांडून चौथ्या देशात माल द्यायचाय. मधल्या दोन देशांत तो माल विकला जाणार नाही, म्हणजे त्यांना त्यावर ड्युटी मिळणार नाही, पण त्यांच्या कस्टमवाल्यांना भीती ही की मध्येच कुठेतरी गाडी रिकामी झाली आणि माल ड्युटी न भरता बाजारात गेला तर? मग मधल्या पहिल्या देशाचं कस्टम म्हणतं, मालावरची पूर्ण ड्युटी इथे अनामत ठेवा, बाहेर पडताना परत घ्या. पुढचा देश तेच म्हणतो. एवढी रोकड छोट्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे कुठून असणार? नाहीतर दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक नाक्यावर गाडी उघडून खोका न खोका मोजायचा, आणि तिसरा म्हणजे सीमेवर माल उतरवून पलीकडच्या ट्रकमध्ये भरायचा, ज्यात वेळ जातो, हमाली जाते आणि मालाची मोडतोड होते ती वेगळीच. म्हणजे सगळा प्रश्न येऊन थांबतो तो एका गोष्टीवर, की या गाडीसाठी जामीन कोण राहणार.

सुरुवातीला मात्र करार करणाऱ्यांच्या डोळ्यापुढे माल नव्हताच. १९०९ साली पॅरिसमध्ये मोटारगाड्यांबद्दल पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला तो हौसेने मोटार फिरवणाऱ्या लोकांसाठी होता. त्यात धोक्याच्या फक्त चार खुणा ठरल्या, उंचवटा, वळण, रेल्वे फाटक आणि चौक, आणि गाडीच्या मागे देशाची अक्षरं लिहिलेली लंबगोल पाटी लावायची ठरलं. ती लंबगोल पाटी आजही काही गाड्यांवर दिसते, तिचं मूळ इथलं. पुढे १९२१ मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने बार्सिलोनाला ट्रान्झिटच्या स्वातंत्र्याचा करार झाला, म्हणजे दुसऱ्याचा माल आपल्या देशातून जाऊ द्यायचा, त्यावर ट्रान्झिटसाठी खास कर लावायचा नाही. तत्त्व फार मोठं होतं, पण तो करार वाचला तर त्यात रेल्वे आणि जलमार्ग एवढेच आहेत, रस्ता नाहीच. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो, कारण त्या वेळी लांबचा माल ट्रकने जाईल असं कुणाला वाटतच नव्हतं, आणि रस्ता असा मागे राहिल्यामुळे त्याचे नियम पुढे वेगळ्या वाटेने, तुकड्यातुकड्याने तयार झाले. १९४७ च्या गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराच्या पाचव्या कलमात ट्रान्झिटचं स्वातंत्र्य पुन्हा आलं आणि ते कोणत्याही वाहनाला लागू होतं, पण जामिनाचा प्रश्न त्यानेही सोडवला नाही, फक्त वाट द्या एवढं म्हटलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. युरोपातले पूल पडलेले, रेल्वे खिळखिळी झालेली आणि धान्य, कोळसा, बांधकामाचं सामान तर ताबडतोब हलवायचं होतं. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा युरोपसाठीचा आर्थिक आयोग जिनिव्हात सुरू झाला, त्याचे पहिले प्रमुख स्वीडनचे अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्दाल, आणि त्या आयोगाची जमिनीवरच्या वाहतुकीची समिती हेच पुढच्या बहुतेक करारांचं घर झालं. १९४८ मध्ये तिथेच आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतूक संघटना, म्हणजे आयआरयू, स्थापन झाली, ती सरकारांची नाही, वाहतूकदारांच्या राष्ट्रीय संघटनांची. आणि १९४९ साली युरोपातल्या मोजक्या देशांनी एक व्यवस्था करून बघितली, तिचं नाव टीआयआर. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ नुसता "आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतूक" एवढाच होतो, पण पुढे निळ्या पाटीवरची ती तीन पांढरी अक्षरं जगभरच्या ट्रकवर दिसायला लागली.

ही व्यवस्था चालते कशी ते जवळून बघण्यासारखं आहे. गाडीचा मालाचा भाग असा हवा की सील तोडल्याशिवाय किंवा दिसेल अशी खूण राहिल्याशिवाय आतलं काही काढता येऊ नये, आणि आत चोरकप्पा नसावा, तशी तपासणी होऊन गाडीला सर्टिफिकेट मिळतं. ताडपत्रीची गाडी असेल तर ताडपत्रीच्या भोकांतून नि कड्यांतून एक सलग दोर ओवतात, दोराची दोन्ही टोकं एकत्र आणून त्यावर निघायच्या ठिकाणचं कस्टम सील मारतं. ड्रायव्हरच्या हातात कार्नेट नावाचं पुस्तक असतं, त्यात जोडीजोडीने पानं, एक पांढरं एक हिरवं. देशात शिरताना कस्टमवाला सील शाबूत आहे का बघतो आणि पांढरं पान फाडून ठेवून घेतो, बाहेर पडताना दुसऱ्या नाक्यावर हिरवं पान फाटतं, आणि दोन्ही पानं जुळली की त्या देशापुरता हिशोब मिटला. पुस्तकात स्थळप्रतीचा भाग शिक्क्यांसकट ड्रायव्हरजवळ राहतो. गाडी उघडत नाहीत, अनामत मागत नाहीत, संशयच आला तर गोष्ट वेगळी.

आणि पानं जुळली नाहीत तर? इथे ती जामिनाची खरी गोम आहे. ड्युटी आधी त्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे मागायची, तो परदेशी, हाती लागला नाही तर त्याच देशातल्या वाहतूकदार संघटनेकडे मागायची, तिने भरायची, आणि तिच्यामागे आयआरयूची आंतरराष्ट्रीय साखळी आणि विमा उभा. म्हणजे कस्टमला परक्या देशातल्या अनोळखी माणसामागे धावावं लागत नाही, आपल्याच शहरातल्या ऑफिसवर बिल पाठवलं की झालं. एका कार्नेटमागे हमीची रक्कम बरीच वर्षं ५०,००० डॉलर सुचवलेली होती, नंतर ती वाढली. मला या सगळ्या इतिहासात हीच कल्पना सगळ्यात हुशारीची वाटते, कारण देशांनी एकमेकांवर विश्वास ठेवावा अशी अपेक्षाच तिने केली नाही, प्रत्येकाने फक्त आपल्या घरच्या जामीनदारावर विश्वास ठेवायचा.

प्रयोग जमला म्हणून १९५९ मध्ये रीतसर टीआयआर करार झाला. १९५२ साली जेमतेम ३,००० कार्नेट निघाली होती, १९६० मध्ये १ लाख, १९७० मध्ये ८ लाख. मधल्या काळात कंटेनर आले, तोच डबा थोडा ट्रकवर थोडा जहाजावर जायला लागला, म्हणून १९७५ मध्ये करार नव्याने लिहिला आणि त्यात प्रवासाचा एखादा टप्पा रस्त्याने असला तरी पुरे असं केलं. आज चालतो तो हाच.

त्याच दशकांत बाकीचे करारही धडाधड झाले. १९४९ च्या जिनिव्हा कराराने आणि नंतर १९६८ च्या व्हिएन्ना कराराने रहदारीचे नियम, खुणा आणि लायसन्स मान्य करायची पद्धत बसवली. अपघात झाला तर परदेशी गाडीचा विमा चालावा म्हणून १९५३ पासून ग्रीन कार्ड सुरू झालं. १९५६ चा सीएमआर करार म्हणजे आंतरराष्ट्रीय बिल्टीचा करार, बिल्टीच्या तीन मूळ प्रती, एक माल पाठवणाऱ्याकडे, एक मालाबरोबर, एक वाहतूकदाराकडे, आणि माल हरवला किंवा खराब झाला तर भरपाईची मर्यादा किलोमागे, जी १९७८ च्या दुरुस्तीनंतर ८.३३ एसडीआर आहे (एसडीआर हे नाणेनिधीचं हिशोबाचं एकक). १९५७ चा एडीआर करार धोकादायक मालाचा. टँकरवर जी नारिंगी पाटी असते, वर ३३ आणि खाली १२०३, ती त्याची भाषा आहे, १२०३ म्हणजे पेट्रोल आणि ३३ म्हणजे झटकन पेट घेणारा द्रव, म्हणजे अपघाताच्या जागी पोचलेल्या अग्निशमनवाल्याला ड्रायव्हरची भाषा येत नसली तरी समोर काय आहे ते कळतं. १९७० मध्ये नाशवंत खाद्यपदार्थांचा वेगळा करार झाला आणि ड्रायव्हरने किती तास सलग गाडी चालवायची याचाही त्याच वर्षी झाला.

पण एक गोष्ट नेहमी राहून जाते, टीआयआर असलं म्हणजे दुसऱ्या देशात शिरायचा हक्क मिळाला असं होत नाही. त्यासाठी परमिट लागतं, ती दोन देशांनी आपापसात मोजून ठरवलेली असतात, वर्षाला अमुक इतकी, आणि संपली की संपली. यातून थोडी सुटका म्हणून युरोपच्या वाहतूक मंत्र्यांच्या परिषदेने १९७४ पासून अनेक देशांत चालणारी एकच परमिटं सुरू केली, पण तिथेही कोटाच. कस्टमचे लोक कागद सोपे करायला तयार झाले, पण आपल्या ट्रकवाल्यांचा धंदा परक्याने खाऊ नये ही भावना परमिटात टिकून राहिली, आणि माझ्या मते आजही अर्धी अडवणूक इथेच होते.

१९८४ च्या फेब्रुवारीत तर कडेलोट झाला. आल्प्सच्या नाक्यांवर इटलीच्या आणि फ्रान्सच्या कस्टम कर्मचाऱ्यांनी नियमावर बोट ठेवून काम सुरू केलं, कडाक्याच्या थंडीत ट्रकच्या रांगा लागल्या, आणि वैतागलेल्या ड्रायव्हरांनी रस्तेच अडवून धरले, बघता बघता ते फ्रान्सभर पसरलं. त्याच वर्षी जुलैत फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने सारब्रुकेनला आपसातली तपासणी सैल करायचा करार केला आणि पुढच्या वर्षी, १४ जून १९८५ ला, पाच देशांनी आपसातल्या सीमांवरची तपासणी हळूहळू बंद करायच्या करारावर शेंगेनला सह्या केल्या. शेंगेन म्हटलं की आपल्याला टुरिस्ट व्हिसा आठवतो, पण त्याच्या मागे त्या थंडीत अडकलेले ट्रक आहेत हे विसरू नये. १ जानेवारी १९९३ ला युरोपच्या एकसंध बाजारात आतल्या सीमांवरचं कस्टम बंदच झालं.

त्याच वेळी पूर्वेला उलटं घडत होतं. सोव्हिएत संघ फुटला, एका देशाचे अनेक झाले, सीमा वाढल्या, कस्टमची नवी खाती धड उभी राहिली नव्हती, आणि सिगारेट, दारू असा भारी ड्युटीचा माल ट्रान्झिटच्या नावाखाली मध्येच गायब व्हायला लागला. खोटे शिक्के मारलेली पानं परत यायची. दावे इतके वाढले की विमा कंपन्यांनी अंग काढून घेतलं आणि युरोपीय संसदेला या ट्रान्झिट घोटाळ्यांवर चौकशी समिती नेमावी लागली. जामीनच डगमगला तर सगळं कोसळतं हे तेव्हा दिसलं. मग सिगारेट-दारूसाठी वेगळे कडक नियम, कार्नेट कुणाला द्यायचं यावर छाननी आणि पानांची कॉम्प्युटरवर पडताळणी असं करत गाडी रुळावर आली, २००१ मध्ये २७ लाख कार्नेट निघाली. २०१३ मध्ये रशियाच्या कस्टमने तिथल्या संघटनेची हमी पुरेशी नाही म्हणत जादा हमी मागायला सुरुवात केली तेव्हा पुन्हा तोच प्रकार, करार जागच्या जागी आणि ट्रक अडलेले.

युरोपबाहेर यश मिश्र आहे. आफ्रिकेत झांबिया आणि झिंबाब्वेच्या मध्ये चिरुंडूला २००९ मध्ये एकाच ठिकाणी दोन्ही देशांची तपासणी करणारा नाका सुरू झाला, तसा त्या खंडातला पहिलाच, आधी ट्रक दिवसचे दिवस थांबायचे. थायलंड आणि लाओसमध्ये मेकाँगवर १९९४ ला पूल झाला, पण एका देशात डाव्या बाजूने गाड्या चालतात आणि दुसऱ्यात उजव्या, म्हणून लाओसच्या टोकाला बाजू बदलावी लागते, आणि माल सुरळीत जावा यासाठीचा तिथला विभागीय करार १९९९ साली आला. पूल आधी, कागद नंतर. २०१० च्या अफगाणिस्तान-पाकिस्तान करारात तर अफगाण ट्रकला भारत-पाकिस्तान सीमेवरच्या वाघा नाक्यापर्यंत माल आणायची मुभा होती, पण तिथून भारताचा माल भरून परत जायची नव्हती, म्हणजे परतीचा फेरा रिकामा. २०१५ मध्ये थिंफूला बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळने मोटार वाहन करारावर सह्या केल्या, पण बाहेरच्या ट्रकची गर्दी आणि प्रदूषण होईल या काळजीने भूतानच्या वरच्या सभागृहाने तो मंजूर केला नाही, आणि एका छोट्या डोंगराळ देशाची ती भीती मला तरी खोटी वाटत नाही.

टीआयआरमध्ये पाकिस्तान २०१५ ला, चीन २०१६ ला आणि भारत २०१७ ला आला. २०१९ च्या मार्चमध्ये अफगाणिस्तानातून इराणच्या चाबहार बंदरामार्गे टीआयआरखालचा पहिला माल न्हावा शेवाला उतरला, म्हणजे ट्रक, जहाज, पुन्हा ट्रक, आणि १९७५ च्या नव्या कराराचा खरा उपयोग असा दिसतो. व्यापार सुलभतेचा जागतिक व्यापार संघटनेचा करारही २०१७ पासून लागू आहे, ट्रान्झिटवर त्यात पूर्ण एक कलम आहे आणि हमीची रक्कम देशाने गरजेपुरतीच मागावी, माल बाहेर गेला की लगेच मोकळी करावी असं त्यात लिहिलंय.

आता कागद जाऊन कॉम्प्युटर येतोय. बिल्टीसाठी इलेक्ट्रॉनिक सीएमआरची तरतूद २००८ लाच झाली, आणि टीआयआरचं इलेक्ट्रॉनिक रूप २५ मे २०२१ पासून कराराचा भाग आहे, त्यात गाडी नाक्यावर पोचायच्या आधीच तिची माहिती कस्टमकडे गेलेली असते. पांढरं पान आणि हिरवं पान जुळवायचं काम आता यंत्र करेल, पण पानं जुळली नाहीत तर पैसे भरणारी ती स्थानिक संघटना आणि तिच्यामागची साखळी ही नव्या व्यवस्थेतही तशीच ठेवलेली आहे.