प्राइम नंबर शोधणारा प्रोग्रॅम गेमरच्या पीसीवर कसा आला

ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त स्पीडने चालवलेला सीपीयू स्टेबल आहे का, म्हणजे न चुकता चालतो का, हे कसं बघायचं असं कुणी विचारलं की आजही पहिलं उत्तर येतं, प्राइम९५ हा टेस्टचा प्रोग्रॅम लाव आणि रात्रभर सोडून दे. दुसऱ्या दिवशी तोच माणूस सांगतो की रात्रभर एकही एरर नाही पण गेम सुरू केला की अर्ध्या तासात डेस्कटॉपवर येतोय. असं का होतं ते समजून घ्यायचं तर ही टेस्ट मुळात कुणी कशासाठी बनवली ते बघायला हवं, कारण ती गेमसाठी बनलेलीच नाही.

सुरुवातीला टेस्ट वगैरे काही प्रकारच नव्हता. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चालायचा आणि त्याचा स्पीड ठरवणारा १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल सॉकेटमध्ये बसवलेला असायचा, लोक तो काढून १६ चा लावायचे की ८ मेगाहर्ट्झ मिळायचे, मशीन सुरू झालं आणि काम करत राहिलं म्हणजे जमलं. आयबीएमने नंतर बायोसमध्येच, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्येच, स्पीड तपासायला सुरुवात केली.

खरी लाट आली १९९८ मध्ये, इंटेलच्या स्वस्त सेलेरॉन ३००ए बरोबर. सीपीयूचा स्पीड म्हणजे बोर्डवरच्या बसचा स्पीड गुणिले मल्टिप्लायर. मल्टिप्लायर ४.५ वर लॉक होता पण बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की सरळ ४५० मेगाहर्ट्झ, आणि आतली १२८ केबी कॅश, म्हणजे सीपीयूची स्वतःची छोटी मेमरी, कोअरच्याच स्पीडने पळायची त्यामुळे गेममध्ये तो कितीतरी महागड्या पेंटियम २ ४५० च्या बरोबरीला यायचा. यात एक गोष्ट फार महत्त्वाची होती. बस १०० केली की बोर्ड पीसीआयला, म्हणजे कार्ड आणि हार्ड डिस्क जोडणाऱ्या बसला, तिचा एक तृतीयांश स्पीड द्यायचा म्हणजे नेहमीचेच ३३ मेगाहर्ट्झ, पण मधेच ८३ वर थांबलात तर पीसीआय ४१ च्या वर जायचं आणि हार्ड डिस्कवरचा डेटा गुपचूप खराब व्हायचा. म्हणजे सीपीयू ठणठणीत, विंडोज मात्र चार दिवसांनी उडालेलं! तेव्हा लोकांना पहिल्यांदा नीट कळलं की बूट होणं वेगळं आणि बरोबर काम करणं वेगळं.

बरोबर काम करतोय का हे तपासायचं हत्यार मात्र गणितवाल्यांकडे आधीच तयार होतं. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये जिम्प्स नावाचा प्रकल्प सुरू केला, जगभरच्या लोकांच्या पीसीवर मर्सेन प्राइम शोधायचा, म्हणजे २ च्या कुठल्यातरी घातातून १ वजा करून येणारा प्राइम नंबर. एका नंबरची तपासणी म्हणजे एका प्रचंड संख्येचा पुन्हा पुन्हा वर्ग करत जायचं, लाखो वेळा, आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी, त्यामुळे मधे कुठेही एक बिट चुकला तरी काही आठवड्यांचं काम वाया. म्हणून वोल्टमन यांनी प्राइम९५ मध्ये टॉर्चर टेस्ट दिली, ज्यांची उत्तरं आधीच माहीत आहेत अशी गणितं मशीनकडून करून घ्यायची आणि ताडून बघायची. शिवाय वर्ग करताना पूर्णांकाच्या अगदी जवळचं उत्तर यायला हवं, ते दोन पूर्णांकांच्या अधेमधे आलं तर काहीतरी बिघडलंय. राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी हवं होतं, ही एरर ज्यांनी पाहिली ते विसरत नाहीत. मला या टेस्टची खरी किंमत इथेच वाटते, ती पीसी क्रॅश व्हायची वाट बघत नाही, चुकीचं उत्तर पकडते. ओव्हरक्लॉक न केलेल्या सीपीयूतल्या चुकाही तिने पकडल्यात, २०१६ मध्ये इंटेलच्या स्कायलेक चिप एका ठराविक एक्स्पोनंटवर (२ च्या घातावर) हँग होतायत हे प्राइम९५ वरच दिसलं आणि बायोस अपडेटने दुरुस्त करावं लागलं.

मग ड्युअल कोअर आले, लोकांनी दोन्ही कोअरवर प्राइम९५ चीच टेस्ट चालवणारं ऑर्थॉस वापरलं, पुढे प्राइम९५ स्वतःच सगळ्या कोअरवर चालायला लागलं, लिनपॅक या समीकरणं सोडवणाऱ्या बेंचमार्कवर आधारलेली इंटेलबर्नटेस्ट आणि लिनएक्स आली आणि हळूहळू स्टेबल म्हणजे उष्णता सोसणं असाच अर्थ होऊन बसला. इंटेलच्या हॅसवेल चिपनंतर तर हे फारच वाढलं, एव्हीएक्स२ आणि एफएमए (एकाच वेळी बरीच गणितं करणाऱ्या सीपीयूच्या सूचना) वापरणारं प्राइम९५ चं २८ वं व्हर्जन इतकं तापवायचं की लोक मुद्दाम जुन्या २६.६ वर राहिले कारण त्यात एव्हीएक्स नव्हतं. त्यात चूक नव्हती, पण २६.६ पास झालं म्हणजे एव्हीएक्सचा कोड चालेलच असं नाही, आणि पुढच्या काळात गेमसुद्धा एव्हीएक्स वापरायला लागले.

गेमचा लोड मुळातच वेगळा असतो. प्राइम९५ मधली स्मॉल एफएफटी, म्हणजे कॅशमध्ये मावणाऱ्या गणितांची टेस्ट, लावली की सगळे कोअर सतत १०० टक्के, करंट जवळजवळ स्थिर, डेटा कॅशमध्येच फिरतो, रॅमला फारसा हातच लागत नाही. गेममध्ये लोड क्षणाक्षणाला उडतो, दोन कोअर भरलेले बाकीचे अर्धे रिकामे, लोडिंग स्क्रीन आली की सगळे एकदम जागे, आणि त्या झटक्याला व्होल्टेज खाली बसतं किंवा लोड सुटला की वर उसळतं. त्यात सीपीयू थंड असल्यामुळे क्लॉकही, म्हणजे चालण्याचा स्पीडही, जास्त असतो. म्हणजे तापवणारी टेस्ट ज्या जागी सीपीयूला नेतच नाही तिथे गेम त्याला दर सेकंदाला नेतो. मी स्वतः यावर बरेच दिवस घालवलेत, आठ तास प्राइम स्वच्छ आणि मेनूमधून गेममध्ये शिरताना रीबूट, शेवटी व्होल्टेज थोडं वाढवल्यावरच थांबलं.

२०२० च्या शेवटी एएमडीच्या रायझन ५००० सीपीयूबरोबर कर्व्ह ऑप्टिमायझर हे व्होल्टेजचं सेटिंग आलं तेव्हा हे सगळ्यांच्याच अंगावर आलं. आता लोक क्लॉक वाढवण्याऐवजी प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी करतात म्हणजे बूस्ट (सीपीयू स्वतःहून घेतो तो जादा स्पीड) आपोआप वर जातो, पण ऑल-कोअर लोडवर क्लॉक खालीच राहतो त्यामुळे सगळे कोअर वापरणारी सिनेबेंच टेस्ट आरामात पास आणि पीसी नुसता डेस्कटॉपवर पडून असताना रीस्टार्ट, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए (हार्डवेअरच्या चुकीची) एरर. यासाठीच कोअरसायकलर हे टूल बनलं, ते प्राइम९५ एका वेळी एकाच कोअरवर चालवतं म्हणजे तो कोअर पूर्ण बूस्टला जातो आणि नेमका कुठला कच्चा आहे ते सापडतं.

आणि इंटेलच्या १३व्या-१४व्या जनरेशनमध्ये तर गेमच टेस्ट ठरले. अनरिअल इंजिनवर बनवलेले गेम शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल करताना व्हिडिओ मेमरी संपली म्हणून बंद पडायचे, लोक ग्राफिक्स कार्ड बदलायचे, पण चूक सीपीयूची होती, डेटा डीकॉम्प्रेस करतानाच उत्तर चुकत होतं. यात ओव्हरक्लॉक न केलेल्या चिपही होत्या. इंटेलने २०२४ मध्ये जास्त व्होल्टेजमुळे चिप झिजते हे मान्य केलं, ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ मायक्रोकोड (सीपीयूच्या आतल्या सूचनांचा अपडेट) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झिजलेली चिप मात्र मायक्रोकोडने परत सुधारत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते. तेव्हापासून बरेच जण प्राइम आणि कोअरसायकलर झाल्यावर शेडर कॅश (आधी कंपाइल करून साठवलेले शेडर) पुसून एखादा मोठा गेम पुन्हा पहिल्यापासून कंपाइल करायला लावतात.