लग्न आणि घोडे: दोन्हींसाठी एकच कॅमेरा बॉडी घेताना

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गोव्यातल्या आमच्या दुकानाच्या काउंटरवर हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो. "लग्नांची कामं आहेतच, पण पुण्या-मुंबईकडच्या अश्वारोहण स्पर्धांची, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचीही मिळू लागलीत. दोन बॉडी परवडत नाहीत. कुठली एक घेऊ?" उत्तर आधीच सांगून टाकतो. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, लग्नाच्या हिशोबाने निवडा आणि घोड्यांसाठीचे पैसे लेन्समध्ये घाला.

अंधाराचा हिशोब

घोड्यांच्या स्पर्धा बहुधा उघड्या मैदानात, दिवसा होतात. तिथे शटर १/१००० (सेकंदाचा हजारावा भाग) ठेवलं तरी आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) ४००-८००मध्ये काम भागतं. लग्नात ही चैन नाही. फोंड्याकडच्या देवस्थानांच्या सभागृहांत ट्यूब, एलईडी आणि मंडपाचे रंगीत दिवे एकाच फ्रेममध्ये येतात. जुन्या चर्चमध्ये छत इतकं उंच असतं की वर मारलेल्या फ्लॅशचा उजेड खाली परतत नाही, आणि विधी सुरू झाल्यावर फ्लॅश नकोच असंही बऱ्याचदा सांगितलं जातं. मग उरतं काय? एफ/२.८ (लेन्सचं तोंड मोठं उघडलेलं; आकडा वाढला की ते लहान होतं), १/१६० आणि आयएसओ ६४००, कधी त्याहून वर. फुल फ्रेम (मोठ्या) सेन्सरचं क्षेत्रफळ क्रॉप (लहान) सेन्सरच्या साधारण सव्वादोन ते अडीच पटींहून थोडं जास्त असतं. अंधारात याचा फायदा स्टॉपभराहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) थोडा जास्त मिळतो, आणि अल्बममध्ये तो डोळ्यांना दिसतो.

उलट बाजूने विचार करून पाहा. कॅननची आर७ क्रॉप सेन्सरची, ३२.५ मेगापिक्सेलची, मेकॅनिकल शटरने सेकंदाला १५ फ्रेम काढणारी. तिच्यावर २०० मिमीची लेन्स ३२० मिमीसारखी वागते. घोड्यांसाठी ही मस्त बॉडी, खिशालाही हलकी. पण तुमचं घर लग्नांवर चालत असेल तर एकमेव बॉडी म्हणून आम्ही ती सुचवत नाही. लग्नासाठी घेतलेली बॉडी घोड्यांना पुरते. घोड्यांसाठी घेतलेली चर्चमध्ये अडते.

एक बिघडलं तरी फोटो दुसऱ्यावर राहावेत म्हणून दोन कार्डांची जागा हवीच. मंगळसूत्र दुसऱ्यांदा बांधायला सांगता येत नाही.

घोड्याला काय लागतं

शो जंपिंगला (अडथळ्यांवरून उड्या) १/१०००च्या खाली जाऊ नका, १/१६०० असेल तर उत्तम. ड्रेसाजला (ठरलेल्या चालींची घोड्याची कसरत) १/६४०-१/८०० पुरतो. मात्र शटरइतकाच क्षण महत्त्वाचा. घोड्याच्या मालकाला कान पुढे टवकारलेले हवे असतात. कान मागे पाडलेला फोटो कितीही तीक्ष्ण असला तरी विकला जात नाही. उडीत पुढचे पाय दुमडलेले आणि स्वार पुढे झुकलेला, असा फोटो मागितला जातो. घोडा हवेत असतो तो जेमतेम अर्धा सेकंद. सेकंदाला १२ फ्रेम म्हणजे त्यातल्या सहाएक तुमच्या हाती. तेवढ्या पुरतात. जाहिरातीतल्या ४० किंवा १२० फ्रेमना भुलू नका. रात्री संगणकावर निवडत बसायला तुम्हालाच लागतं.

शिवाय ते मोठे आकडे इलेक्ट्रॉनिक शटरचे असतात. साध्या सेन्सरवर तो शटर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो. घोड्याबरोबर कॅमेरा फिरवलात की अडथळ्याचे उभे खांब तिरके दिसतात, आणि हॉलमधल्या एलईडीखाली फोटोवर काळे पट्टे उठतात. आपल्या विजेच्या ५० हर्ट्झवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, हे त्याचं कारण. म्हणून घोडा धावत असो की हॉलमध्ये वरात शिरत असो, मेकॅनिकल शटर बरा. सायलेंट शटर चर्चमधल्या शांत क्षणांसाठी राखून ठेवा.

फोकसचं थोडं सविस्तर सांगतो, कारण फोटो इथेच जास्त वाया जातात. घोडा समोरून येतो तेव्हा नाकाड तुमच्या जवळ आणि स्वाराचा चेहरा बराच मागे असतो. फुल फ्रेमवर २०० मिमी, एफ/२.८ आणि २० मीटर अंतर धरलं तर तीक्ष्ण पट्टा सुमारे पावणेदोन मीटरचा मिळतो, एफ/४ला सव्वादोनच्या पुढे जातो. उन्हात एफ/४ परवडतो, वापरा. आणि डोळा ओळखणारा फोकस माणसावर ठेवायचा की जनावरावर, हे घोडा मैदानात यायच्या आधी ठरवा. दोन्ही मोकळं सोडलं तर फोकस ऐन उडीत एकाकडून दुसऱ्याकडे सरकू शकतो.

अंतराचाही हिशोब करून ठेवा. ड्रेसाजचं मोठं मैदान २० बाय ६० मीटरचं. २०० मिमीला ३० मीटरवर फ्रेमची रुंदी साधारण साडेपाच मीटर, त्यात घोडा-स्वार छान बसतात. ५० मीटरवर तीच नऊ मीटर होते, घोडा लहान दिसतो. मग क्रॉप करावं, म्हणजे फोटोच्या कडा कापाव्या लागतात. ३३ मेगापिक्सेलची बॉडी क्रॉप मोडमध्ये (सेन्सरचा फक्त मधला भाग वापरून) १४ देते, २४ची जेमतेम १०. सतत दूरच्या टोकाचं काम असेल तर १००-४०० मिमीची लेन्स घ्या. नाहीतर लग्नातलीच ७०-२०० एफ/२.८ पुरते, आणि पैसे पहिल्यांदा तिच्यातच घाला.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे. चर्चमध्ये नवरीचा पांढरा गाऊन नवऱ्याच्या काळ्या सुटाला लागून उभा असतो, आणि मैदानात स्वाराची पांढरी तुमान गडद तपकिरी घोड्यावर. दोन्हीकडे पांढऱ्याचा पोत जपून काळ्यातला तपशील काढायचा असतो. रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा आणि एक्स्पोजर पांढऱ्यावर बेता.

आम्ही काय सुचवतो

आजच्या घडीला दुकानातून सगळ्यात निर्धास्तपणे देतो ती कॅनन आर६ मार्क टू. २४ मेगापिक्सेल, मेकॅनिकल शटरने १२ फ्रेम, दोन एसडी कार्डं. तिच्या फोकसच्या जनावरांच्या यादीत कुत्रा, मांजर, पक्षी यांच्यासोबत घोडाही आहे, आणि हे काम निम्मं घोड्यांचं असल्यामुळे त्याला आम्ही वजन देतो. निकॉन झेड६ थ्री मेकॅनिकल शटरने १४ फ्रेम देते आणि तिचा सेन्सर झटपट वाचला जातो, पण तिची दोन कार्डं वेगवेगळ्या जातीची आहेत, त्यांतलं सीएफएक्स्प्रेस महाग पडतं. सोनी ए७ फोर ३३ मेगापिक्सेलची, क्रॉपला मोकळी. मात्र तिच्या १० फ्रेम कॉम्प्रेस्ड रॉवरच्या. काहीही न गमावणारं लॉसलेस रॉ घेतलं की वेग ६च्या आसपास उतरतो. घरात आधीच एखाद्या कंपनीच्या लेन्स असतील तर या परिच्छेदापेक्षा त्यांचं ऐका.

घोडी, फ्लॅश आणि गोव्याची हवा

रिसॉर्टमधल्या लग्नांत नवरदेव घोडीवरून येतो. बँडला सरावलेली घोडीही जवळून मारलेल्या फ्लॅशने बिचकू शकते, आणि वर नवरदेव असतो. तिच्या मागे उभे राहू नका. खांद्याच्या बाजूला, तिला दिसाल असे उभे राहा, आणि घोडी हाकणाऱ्याला विचारून मगच फ्लॅश लावा. स्पर्धेच्या मैदानात तर फ्लॅश लावूच नका.

किनाऱ्यावरच्या कामानंतर बॉडी किंचित ओल्या, मऊ फडक्याने पुसा. खारं पाणी बटणांच्या फटीत सुकू देऊ नका. मैदानातल्या धुळीत लेन्स बदलू नका. पावसाळ्यात कॅमेरा चामडी पिशवीत, कपाटात बंद ठेवला की लेन्सवर बुरशी धरते. ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवलेलं ड्राय कॅबिनेट घ्या. तेवढं बजेट नसेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक.

घेण्याआधी हाताळून बघा. आपलं कार्ड आणि लेन्स घेऊन दुकानात या, दिवे मालवून आयएसओ ६४००वर फोटो काढा आणि घरच्या स्क्रीनवर बघा. फोकसच्या परीक्षेला गोव्यात खरी घोडदौड सहज सापडत नाही, पण शिगम्यात डिचोली किंवा सत्तरीत घोडेमोडणी असते. कमरेला लाकडी घोडा बांधून नाचणारे अंगावर येतात आणि वळतात, त्यांच्यामागे बॉडीचा फोकस टिकतो का ते तिथे कळतं. आणि लग्नाच्या दिवशी दुसरी बॉडी बॅगेत हवीच. ती विकत घेऊ नका, त्या दिवसापुरती भाड्याने न्या. सीझनमध्ये आठवडाभर आधी सांगून ठेवा.