किलोमीटरभर तारेतला आवाज

जेमतेम ३० ग्रॅम तांबे, सहा लोहचुंबक आणि फायबरच्या दोन पट्ट्या. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज जिथे तयार होतो त्या साध्या पिकअपमध्ये एवढेच असते. ना ट्रान्झिस्टर, ना चिप, ना हलणारा एखादा भाग. म्हणूनच तो घरी, टेबलावर बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः बनवता येतो आणि नीट बनवला तर कारखान्यातल्या पिकअपच्या तोडीस तोड वाजतो. विजेवर चालणाऱ्या फार थोड्या वस्तूंबद्दल असे म्हणता येईल.

पिकअप म्हणजे माइक नव्हे. हवेतला आवाज तो जवळपास ऐकतच नाही. चुंबकाच्या वर असलेली पोलादी तार त्या चुंबकामुळे स्वतः किंचित चुंबकित होते. ती कंप पावू लागली की खालच्या कॉइलमधले, म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेतले, चुंबकीय क्षेत्र क्षणाक्षणाला बदलते आणि कॉइलमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेला हाच तो नियम. दाब क्षेत्राच्या बदलाच्या वेगावर ठरतो, त्यामुळे पिकअपला तार कुठे आहे यापेक्षा ती किती वेगाने सरकते आहे हे कळते. नायलॉनच्या तारा त्याला कळतच नाहीत. सतारीखाली असा पिकअप धरला तर पोलादी बाजाची तार ठणठणीत ऐकू येईल, ब्राँझची जोडाची तार मात्र जवळपास मुकी राहील.

१९३१-३२ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशॅम्पने हा नियम गिटारला जोडला. वाद्यवृंदात गिटार बुडून जाते, ही त्या काळच्या वादकांची खरी अडचण होती. त्याच्या पिकअपमध्ये नालेच्या आकाराचे दोन चुंबक तारांना वरून कवेत घेत. पेटंट मिळायला १९३७ साल उजाडले. तेव्हापासून आकार बदलले, मूळ तत्त्व तेच राहिले.

आता वेढ्यांकडे येऊ, कारण पिकअपचे सगळे मर्म तिथे आहे. स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारच्या एका कॉइलमध्ये साधारण ८,००० वेढे असतात. एक वेढा सुमारे १३ सेंटिमीटरचा, म्हणजे एकूण तार किलोमीटरभर. प्रत्येक वेढ्यात थोडा दाब निर्माण होतो आणि सगळ्यांची बेरीज होते. मग वेढे वाढवले की आवाज मोठा होणार, हा तर्क बरोबर आहे, पण तो अर्धाच आहे.

वेढे वाढले की कॉइलचा इंडक्टन्सही वाढतो. प्रवाहातल्या झटपट बदलाला विरोध करण्याचा कॉइलचा हा स्वभाव, आणि तो ढोबळमानाने वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शेजारच्या वेढ्यांमध्ये आणि ॲम्प्लिफायरपर्यंत जाणाऱ्या केबलमध्ये थोडा कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याचा गुण, असतोच. ही दोन्ही मिळून एक अनुनादी मंडल बनते. ते एका ठरावीक वारंवारतेला उचलून धरते आणि तिच्यापुढच्या सगळ्या वारंवारता झपाट्याने दाबते. गणित सोपे आहे. इंडक्टन्स २.४ हेन्री आणि केबलसह एकूण कपॅसिटन्स ५०० पिकोफॅरड धरला तर हे शिखर सुमारे ४,६०० हर्ट्झला येते. हमबकर या दोन कॉइलच्या पिकअपचा इंडक्टन्स ४.५ हेन्री धरला तर ते ३,४०० च्या आसपास उतरते. मानवी कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो याच पट्ट्यात. म्हणून पहिला पिकअप काचेसारखा लखलखीत वाटतो आणि दुसरा भरदार, गोलसर. जास्त वेढे म्हणजे नुसता मोठा आवाज नव्हे, तो वेगळाच आवाज आहे. घरी पिकअप गुंडाळणाऱ्याने दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी चालेल, एवढे ठेवावे.

कॉइलसाठी तार आणताना एक मोठी फसगत होऊ शकते. परदेशी माहितीत सगळीकडे ‘४२ गेज’ लिहिलेले असते. तो अमेरिकन गेज, जाडी ०.०६३ मिलिमीटर, बारीक केसाइतकी. आपल्याकडे मोटार वाइंडिंगच्या दुकानांत ब्रिटिश एसडब्ल्यूजी क्रमांक चालतात आणि त्यातली ४२ नंबरची तार ०.१ मिलिमीटरची असते. तिचे ८,००० वेढे पिकअपच्या बॉबिनवर, म्हणजे तार गुंडाळायच्या साच्यावर, मावणारच नाहीत. मागायची ती ४६ नंबर, तीही शक्यतो मिलिमीटरमध्ये जाडी सांगून. तारेवरचा थर पॉलियुरेथेनचा असेल तर सोल्डरिंगच्या उष्णतेने तो जळून जातो. जुन्या पद्धतीचा इनॅमल मात्र अगदी हलक्या हाताने पॉलिशपेपरने खरवडावा लागतो.

गुंडाळायला शिलाई मशीनची मोटर पुरते. पंख्याच्या वाइंडिंगचे हाताने फिरवायचे मशीन तर उत्तमच, त्याला काउंटर असतो. नसेल तर एक जुनी युक्ती आहे: फिरणाऱ्या चकतीवर छोटा चुंबक लावायचा, समोर रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच, ठेवायचा आणि तो साध्या कॅल्क्युलेटरच्या ‘बरोबर’ बटणाला जोडायचा. ‘१ अधिक १’ करून ठेवले की प्रत्येक फेऱ्याला आकडा एकाने पुढे सरकतो. ही तार साधारण ७० ग्रॅम वजनाने तुटते, म्हणून ती बोटांच्या चिमटीतून, मऊ कापडाच्या तुकड्यातून सोडतात. ताण जास्त झाला तर तार ओढली जाऊन आणखी बारीक होते, कमी झाला तर कॉइल सैल राहते. हा अंदाज हातालाच येतो.

आणि हातालाच किंमत आहे. अबिगेल इबारा या बाईंनी १९५०च्या दशकात फेंडर या गिटार कंपनीच्या कारखान्यात पिकअप गुंडाळायला सुरुवात केली आणि २०१३ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या हातचे पिकअप वादक नावानिशी शोधतात. हाताने सोडलेली तार मशीनसारखी ओळीने बसत नाही, तिरकी-विस्कळीत बसते, त्यामुळे वेढ्यांमधला कपॅसिटन्स थोडा कमी होतो. मात्र माझ्या मते जुन्या पिकअपच्या वेगळेपणात याहून मोठा वाटा वेढ्यांच्या संख्येचा आहे. त्या काळी ती प्रत्येक नगाला थोडी वेगळी असे.

एकट्या कॉइलचा दोष म्हणजे गुणगुण. घरातल्या वायरिंगचे ५० हर्ट्झचे क्षेत्रही ती इमानाने उचलते. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये यावर उपाय काढला, तोच हमबकर: शेजारी दोन कॉइल, एकीचे चुंबकीय ध्रुव दुसरीच्या उलट आणि जोडणीही उलट. बाहेरची गुणगुण दोन्हींत सारखी येते आणि वजा होते. गिटारच्या तारेचा संकेत मात्र दोनदा उलटल्यामुळे बेरजेत येतो. फेंडरने १९५७ मध्ये प्रिसिजन बेस या चार तारांच्या बेस गिटारला हीच युक्ती लावली, पण कॉइल शेजारी न ठेवता दोन तारांसाठी एक आणि उरलेल्या दोन तारांसाठी दुसरी अशी विभागून. मला ही रचना फार देखणी वाटते. प्रत्येक तार एकाच ठिकाणी ऐकली जाते आणि तरी गुणगुण जाते.

कॉइल झाली की तिला मेणात बुडवतात, नाहीतर सैल वेढे स्वतःच थरथरून मोठ्या आवाजात किंचाळू लागतात. पॅराफिनमध्ये थोडे मधमाश्यांचे मेण मिसळून साधारण ६५ अंशांवर, भांडे कायम गरम पाण्यात ठेवूनच. थेट आचेवर मेण पेट घेते.

मग मल्टिमीटर. इथे लोक रोधाच्या आकड्यावर फार भिस्त ठेवतात. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांना ६ किलोओहम दाखवणारा पिकअप ३५ अंशांच्या दुपारी ६.३५ दाखवेल, वेढा एकही वाढलेला नसताना. तार तुटलेली नाही ना, हे पाहायला तो आकडा चांगला. आवाज त्यावरून ठरवू नये.

जास्त वेढ्यांचा आवाज आधी ऐकायचा असेल तर मशीन सुरू करण्यापूर्वी हातातल्या सिंगल कॉइल पिकअपच्या दोन टोकांना ४७० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर जोडून पाहा. दोन-चार रुपयांचे काम आहे. वरच्याच गणिताने शिखर ४,६०० वरून ३,३०० हर्ट्झवर येते, म्हणजे हमबकरच्या शेजारी. तो आवाज भावला तर जास्त वेढ्यांची कॉइल गुंडाळायला घ्यावी. नाही भावला तर ८,००० वरच थांबावे.