इंग्रजी मजकूर छापायला देण्याआधी एवढं वाचा

लग्नपत्रिका, पावती पुस्तक, दुकानाचा बोर्ड, बायोडाटा, व्हिजिटिंग कार्ड. यातलं काहीही इंग्रजीत छापायला आलं की आमच्या काउंटरवरून दोन-चार प्रश्न येतातच. "हे काका की मामा?" "ही तारीख एप्रिलची की मेची?" "ही नोकरी अजून चालू आहे की सोडली?" तुम्ही घाईत असता, आणि काहींना वाटतं की छापखानेवाल्याला मास्तरकी करायची हौस आहे. हौस थोडी आहे, नाकारत नाही. पण खरं कारण वेगळं. मराठीत जे न सांगता कळतं ते इंग्रजीत मुद्दाम सांगावं लागतं, आणि इंग्रजीत जे चालून जातं ते मराठी माणसाला खटकतं. चूक नेमकी त्या फटीतून शिरते. पाचशे प्रती निघाल्यावर ती कुणाचीच नसते.

म्हणून हे पत्रक. फुकट आहे, घरी न्या.

नावापासूनच सुरुवात

काळे, माने, दाते, गोरे, साने. ही आडनावं इंग्रजीत लिहिली की शेवटी ई हे अक्षर येतं, आणि इंग्रजी वाचणारा परका माणूस ते गिळून टाकतो. मग काळ्यांचे होतात 'केल', म्हणजे एक पालेभाजी. मान्यांची 'मेन', म्हणजे घोड्याची आयाळ. दाते 'डेट' होतात, मग तारीख समजा नाहीतर खजूर. गोऱ्यांचं 'गोर' म्हणजे सांडलेलं रक्त. साने तेवढे नशीबवान: 'सेन', डोकं ठिकाणावर असलेला माणूस.

हा शेवटचा ई मुका का? तो कायम मुका नव्हता. 14व्या शतकातला इंग्रज 'नेम' हा शब्द आपल्या 'नाम'सारखाच म्हणायचा आणि शेवटी एक हलका अ सोडायचा. योगायोग नाही, दोन्ही शब्दांचं मूळ एकच आहे. त्या काळात लंडनमध्ये कुणी 'काळे' वाचले असते तर ळ सोडून बाकी बरेचसे बरोबर वाचले असते. पुढे शेवटचा स्वर गळाला, आधीचा 'आ' सरकत सरकत 'ए'पर्यंत गेला, आणि स्पेलिंग मात्र आहे तिथेच बसून राहिलं.

याचं थोडं पाप आमच्या धंद्याच्या माथी आहे. विल्यम कॅक्स्टनने 1476 साली वेस्टमिन्स्टरला छापखाना थाटला, इंग्लंडमधला पहिला. उच्चार अजून बदलत होते, तेवढ्यात छापलेली स्पेलिंगं हळूहळू रूढ होत गेली. 'घोस्ट'मधला बिनकामाचा एचसुद्धा कॅक्स्टनच्याच छापखान्यातून, फ्लेमिश भाषेच्या सवयीने आला असं मानतात. भुतात अक्षर घुसवणारा माणूस आमचा पूर्वज म्हणायचा.

तेव्हा आडनावाचं स्पेलिंग आम्ही सुचवत नाही. वाघ डब्ल्यूने आणि वैद्य व्हीने का, याला उत्तर नाही. कुणीतरी एकदा शाळेच्या दाखल्यावर तसं लिहिलं, एवढंच. नाव तोंडी सांगू नका. आधार किंवा पासपोर्टचा फोटो दाखवा, आम्ही अक्षर न् अक्षर तेच छापू.

पावतीतला पी

आमच्याकडे सगळ्यात जास्त चुकीचा लिहून येणारा शब्द म्हणजे 'रिसीट'. सी, ई, आय, पी, टी असा क्रम आहे. यातला पी कुणी उच्चारत नाही. मूळ फ्रेंचकडून शब्द आला तेव्हा पी नव्हता. पुढे विद्वानांना लॅटिनचा पुळका आला आणि त्यांनी मुळातला पी परत आणून बसवला. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला बी तसाच मागून आलेला. 'आयलंड'मधला एस तर गैरसमजातून आला, कारण त्या शब्दाचं लॅटिनशी नातंच नाही. गंमत म्हणजे 'डिसीट', म्हणजे फसवणूक, हा 'रिसीट'चा सख्खा भाऊ, पण त्याला पी मिळाला नाही. नियम शोधू नका. पावती पुस्तकाचं स्पेलिंग आमच्यावर सोडा.

चा-ची-चे लावून बघा

बोर्डांवरची सगळ्यात मोठी साथ म्हणजे शेवटच्या एसच्या आधी टांगलेला तो उलटा स्वल्पविराम, अपॉस्ट्रॉफी. 'फोटोज', 'मोबाईल्स', 'स्नॅक्स' यांत तो नको, कारण इथे एस फक्त 'पुष्कळ' एवढंच सांगतो. 'पाटील्स किचन' यात हवा, कारण ते पाटलांचं किचन आहे. मराठी कान पुरतो: चा-ची-चे लागत असेल तर चिन्ह द्यायचं, नसेल तर नाही. 'लेडीज टेलर'मध्ये ते एसच्या नंतर येतं, कारण बायका अनेक आहेत. एकाच बाईचे कपडे शिवणारा टेलर आम्ही अजून पाहिलेला नाही.

फक्त सर्वनामांना हा नियम लागू नाही. 'हर्स', 'युअर्स' यांना चिन्ह कधीच नाही, म्हणून अर्जाखालच्या 'युअर्स फेथफुली'मध्येही नाही. 'इट्स'ला ते दिलं की अर्थ 'त्याचा' न राहता 'ते आहे' असा होतो. बोलताना दोन्ही सारखेच ऐकू येतात, त्यामुळे इंग्रजांचीही इथे रोज दांडी उडते. लंडनच्या भुयारी रेल्वेवर शेजारी-शेजारी दोन स्टेशनं आहेत: अर्ल्स कोर्टला चिन्ह आहे, बॅरन्स कोर्टला नाही. वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या दुकानसाखळीने तर 2012 साली आपल्या नावातलं चिन्ह काढूनच टाकलं. तुम्हालाही नको असेल तर तसं सांगा. नाव तुमचं आहे. मात्र बोर्डावर एक आणि बिलबुकावर दुसरं असं करू नका.

'अ', 'ॲन' आणि 'द'

'अ' की 'ॲन' हे लिहिलेल्या अक्षरावर ठरत नाही, कानावर ठरतं. तास म्हणजे 'आवर', एच मुका, म्हणून 'ॲन'. 'युनिव्हर्सिटी' यू अक्षराने सुरू होते पण ऐकू येतो य, म्हणून 'अ'. तसंच 'ॲन एमएलए', पण 'अ यूपीआय पेमेंट'. कारखान्यातला 'एप्रन' मुळात 'नेप्रन' होता. 'अ नेप्रन' म्हणता म्हणता न पुढच्या शब्दावरून मागच्याला जाऊन चिकटला आणि 'ॲन एप्रन' झालं. आपल्याकडची 'नारिंगी' आणि त्यांचं 'ऑरेंज' हे एकच फळ. त्याचा न मात्र इंग्लंडला पोचण्याआधीच वाटेत हरवला.

'द'चं सांगता येत नाही. मराठीला या शब्दाची गरजच पडली नाही, त्यामुळे आपण तो एकतर विसरतो किंवा मिठासारखा सगळीकडे भुरभुरतो. नदीला लागतो, गावाला सहसा नाही. डोंगररांगेला लागतो, एका शिखराला नाही. 'द हिमालयाज', पण नुसतं एव्हरेस्ट. आम्ही काढला-घातला तर रागावू नका.

बायोडाटातलं 'पासून'

मराठीत 'पाच वर्षांपासून' आणि '2019 पासून' दोन्हीकडे एकच 'पासून'. इंग्रजीत मुदत असेल तर 'फॉर', सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स'. म्हणून 'सिन्स फाइव्ह इयर्स' हे आपल्याकडे घरोघरी सापडणारं वाक्य. ते आम्ही विचारल्याशिवाय दुरुस्त करतो.

क्रियापदाचं मात्र विचारूनच करतो. आपण सरळ 'मी पाच वर्षांपासून काम करतोय' म्हणतो. इंग्रजीत तिथे 'आय हॅव बीन वर्किंग' लागतं. त्याऐवजी 'आय वर्क्ड' लिहिलंत, तर मुलाखत घेणारा समजतो की तुम्ही ती नोकरी सोडली.

पत्रिका आणि परदेशातले पाहुणे

आत्या, मावशी, काकू, मामी. चौघी इंग्रजीत 'आंट'. रुसवेफुगवे व्हायला एवढं पुरे. रोमन लिपीत सरळ 'मामा' छापावं तर अमेरिकेतल्या सुनेचे आईवडील विचारतात, ही कुणाची आई? 'मटर्नल अंकल' बरोबर आहे, पण ते सरकारी फॉर्मसारखं वाटतं. आमचा सल्ला: नाती मराठी बाजूला छापा, इंग्रजी बाजूला फक्त नावं. 'कझिन ब्रदर'ला लोक हसतात, आम्ही हसत नाही. नुसत्या 'कझिन'वरून भाऊ की बहीण तेच कळत नाही, मग माणूस काय करणार?

तारखेत महिना अक्षरी लिहा. 05/04 हे आपल्यासाठी 5 एप्रिल, अमेरिकेत 4 मे, आणि विमानाचं तिकीट तिकडून काढलं जातं. दुपारी 12 वाजून 35 मिनिटांच्या मुहूर्ताला 'पीएम' लागतं, 'एएम' छापलं तर ती मध्यरात्र. आहेराची रक्कम किंवा देणगी परदेशी वाचणार असतील तर लाखाचा स्वल्पविरामही सांगा: आपल्याकडे 1,00,000, तिकडे 100,000.

जे आम्ही बदलत नाही

'प्रीपोन', 'डू द नीडफुल', 'आउट ऑफ स्टेशन'. यांना चूक म्हणणाऱ्यांशी आम्ही वाद घालत नाही, पण शब्दही काढत नाही. 'पोस्टपोन' आहे तर 'प्रीपोन' का नको? 'डू द नीडफुल' इंग्रजांनीच शिकवलं आणि नंतर तेच विसरले. गॅरेजवाल्यांची 'स्टेपनी' तर थेट वेल्समधल्या लानेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आली. तिथे 1904 मध्ये जादा चाक बनवायला सुरुवात झाली होती. वाचणारे इथलेच असतील तर बिनधास्त लिहा.

परदेशी जाणाऱ्या मजकुरात मात्र दोन गोष्टी बदलू द्या. 'पार्किंग ॲट बॅकसाइड' याचा तिकडचा अर्थ इथे लिहिता येत नाही. आणि 'पास्ड आउट फ्रॉम कॉलेज' वाचून त्यांना वाटेल, कॉलेजात चक्कर येऊन पडलात.

'फर्निचर्स', 'इक्विपमेंट्स', 'इन्फर्मेशन्स' यांतला एस आम्ही न विचारता उडवतो. मराठीतही आपण 'फर्निचरं' म्हणत नाही.

करारनामे

भाडेकरार, भागीदारीचे कागद वगैरेंतल्या एकाही स्वल्पविरामाला आम्ही हात लावत नाही. अमेरिकेत मेन राज्याच्या कायद्यात ओव्हरटाइम न लागणाऱ्या कामांची यादी होती. यादीच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन' (वितरण) असे शब्द होते, पण 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, यातून फक्त पॅकिंगचंच काम वगळलंय, मग ते पाठवण्यासाठी असो वा वितरणासाठी. आम्ही पॅकिंग करत नाही, नुसता माल पोचवतो, तेव्हा ओव्हरटाइम द्या. अपील कोर्टाने 2017 मध्ये त्यांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. मराठीत 'पाठवण्यासाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग' म्हटलं असतं तर 'साठी'नेच निकाल लावला असता. असे कागद वकिलाकडून तपासून, पीडीएफ करूनच आणा.

प्रूफ

प्रूफ व्हॉट्सॲपवर येतं, पण फोनवर अक्षर बारीक दिसतं, तेव्हा नावं, तारखा आणि फोन नंबर दुसऱ्या कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. 'ओके' असं लिहून आल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. नुसता अंगठा पाठवलात तर आम्ही परत फोन करू. मजकूर सुधारण्याचे पैसे नाहीत. 'ओके'नंतरचा बदल मात्र नवीन प्लेटच्या दराने. पत्रिका असेल तर मुलाकडचा आणि मुलीकडचा, दोन्ही नंबर द्या.