आयर्लंडमधील फुटबॉल

आयर्लंड प्रजासत्ताकात फुटबॉलचा कारभार डब्लिनची फुटबॉल असोसिएशन ऑफ आयर्लंड (एफएआय) पाहते. ब्रिटनच्या अखत्यारीतल्या उत्तर आयर्लंडची संघटना, संघ आणि लीग वेगळी. रग्बी, क्रिकेट व हॉकीत मात्र साऱ्या बेटाचा एकच संघ उतरतो.

फुटबॉलमधली फूट १९२१ ची. तोवर १८८० साली बेलफास्टमध्ये स्थापन झालेल्या आयरिश फुटबॉल असोसिएशनची सत्ता बेटभर चाले आणि ती उत्तरेला झुकते माप देते, अशी डब्लिनच्या क्लबांची जुनी तक्रार होती. १९२१ च्या आयरिश चषकात डब्लिनच्या शेलबोर्नने उत्तरेतल्या ग्लेनॅव्हनला बेलफास्टमध्ये बरोबरीत रोखले. फेरसामना आपल्या गावी होईल ही त्यांची अपेक्षा. तोही बेलफास्टलाच ठेवला गेला. शेलबोर्नने खेळायला नकार दिला आणि डब्लिनकरांनी एफएआयची वेगळी चूल मांडली. देशाची फाळणीही त्याच काळातली. पुढे समेटाच्या बोलण्या अनेकदा झाल्या, फिसकटल्या. गंमत अशी, की १९५० पर्यंत दोन्ही संघटना संपूर्ण बेटातून खेळाडू निवडत, आणि जॉनी कॅरीसारखे खेळाडू दोन्हींकडून खेळले. याच कॅरीच्या नेतृत्वाखाली १९४९ मध्ये एफएआयच्या संघाने लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर इंग्लंडला २-० असे हरवले.

राष्ट्रीय संघाला खरे दिवस दाखवले ते जॅक चार्ल्टन यांनी, म्हणजे १९६६ चा विश्वचषक जिंकलेल्या इंग्रज खेळाडूने. १९८६ ते १९९५ या प्रशिक्षकपदाच्या काळात त्यांनी ब्रिटनमध्ये जन्मलेले, पण आईवडील किंवा आजीआजोबा आयरिश असलेले खेळाडू हुडकून संघात आणले. लिव्हरपूलचा जॉन ऑल्ड्रिज त्यांतलाच. ग्लासगोत जन्मलेल्या रे हॉटनच्या गोलने १९८८ च्या युरो स्पर्धेत इंग्लंड हरला. १९९० च्या विश्वचषकात हा संघ पाच सामन्यांत फक्त दोन गोल करून, पेनल्टी शूटआउट वगळता एकही विजय न मिळवता उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला! खेळ रटाळ होता हे मान्य करावे लागेल. देश मात्र वेडा झाला होता. २००२ च्या विश्वचषकाआधी सरावाच्या गैरसोयींवरून कर्णधार रॉय कीन आणि प्रशिक्षक मिक मॅकार्थी यांच्यात पॅसिफिकमधल्या सायपान बेटावर जुंपली व कीन घरी परतला. आयर्लंडमध्ये त्यावर आजही दोन तट पडतात. महिला संघ २०२३ मध्ये प्रथमच विश्वचषकात खेळला. तिथे केटी मॅककेबने कॅनडाविरुद्ध थेट कॉर्नरवरून गोल केला.

देशांतर्गत लीग ऑफ आयर्लंड १९२१ मध्ये सुरू झाली. पहिल्या मोसमातले आठही संघ डब्लिन परिसरातले होते आणि विजेता ठरला सेंट जेम्सेस गेट, गिनेस या बिअर कारखान्याचा संघ. आता प्रीमियर डिव्हिजनमध्ये दहा संघ प्रत्येकी ३६ सामने खेळतात. सर्वाधिक विजेतेपदे शॅमरॉक रोव्हर्सची. उत्तर आयर्लंडमधला डेरी सिटी १९८५ पासून याच लीगमध्ये आहे. २००३ पासून मोसम हिवाळ्याऐवजी उन्हाळ्याला धरून चालतो.

लीगचे दुखणे जुने आहे. प्रेक्षक शनिवारी मँचेस्टर, लिव्हरपूल किंवा ग्लासगोच्या सेल्टिकचे सामने बघणार आणि गुणी पोरे कोवळ्या वयातच इंग्लंडला जाणार. यातल्या दुसऱ्या गोष्टीला ब्रेक्झिटने आळा घातला. २०२१ पासून इंग्लिश क्लबांना अठरा वर्षांखालील परदेशी खेळाडू घेता येत नाहीत, त्यामुळे ही मुले आता आधी घरच्या लीगमध्ये मोठ्यांशी खेळतात आणि क्लबांच्या हाती खेळाडूंच्या क्लबबदलीचे बरे पैसेही पडतात. सेंट पॅट्रिक्स ॲथलेटिकच्या मेसन मेलियासाठी टॉटनहॅमने २०२५ मध्ये केलेला करार लीगच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत महागडा ठरला.